वाचक विचारतात : पंढरपूरचा खासदार कुठे गेला?

पंढरपूर लोकसभा मतदारसंघ 2008 मध्ये कागदावरून पुसला गेला. तरी सोलापूर जिल्ह्यात पारावर, एसटीत, बाजार समितीच्या कट्ट्यावर त्याचं नाव अजून निघतं. त्याच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत.

मुलाला महाविद्यालयात 'पंढरपूर लोकसभा' हा प्रकल्प मिळाला आहे. कुणी सांगतं तायप्पा सोनवणे सोलापूरचे खासदार होते, कुणी म्हणतं पंढरपूरचे. खरं काय? सगळ्या खासदारांची नावंही हवी आहेत.
– एक पालक, पंढरपूर

दोन्ही खरं आहे. तायप्पा हरी सोनवणे 1957 मध्ये सोलापुरातून निवडून आले. तेव्हा सोलापूर द्विसदस्य मतदारसंघ होता आणि दुसरे खासदार होते जयवंत घनश्याम मोरे. द्विसदस्य पद्धत संपल्यावर पंढरपूर ही अनुसूचित जातींसाठी राखीव जागा झाली. 1962 आणि 1967 मध्ये सोनवणे तिथून काँग्रेसतर्फे निवडून आले. 1971 मध्ये निवृत्ती सत्वाजी कांबळे आले. मग संदीपान थोरातांचा काळ सुरू झाला : 1977, 1980, 1984, 1989, 1991, 1996 आणि 1998, सलग सात वेळा. 1999 आणि 2004 मध्ये रामदास आठवले. त्यानंतर मतदारसंघच उरला नाही.

म्हणजे 12 सार्वत्रिक निवडणुका आणि खासदार अवघे चार. शेजारच्या सोलापुरात त्याच 12 निवडणुकांत सात जण झाले : मादेप्पा काडादी, सूरजरतन दमाणी, गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल, लिंगराज वल्याळ, सुशीलकुमार शिंदे आणि सुभाष देशमुख. 1977 मध्ये महाराष्ट्रातल्या 48 पैकी फक्त 20 जागा काँग्रेसकडे राहिल्या. त्या 20 मध्ये सोलापूरही होतं आणि पंढरपूरही. 1996 मध्ये मात्र सोलापूर भाजपच्या वल्याळांनी घेतलं, पंढरपूर थोरातांकडेच राहिलं. प्रकल्पात लिहिण्यासारखी गोष्ट हीच आहे. नुसत्या नावांच्या यादीपेक्षा ही तुलना जास्त बोलते.

पक्षाच्या रकान्यात मुलगा चुकण्याची शक्यता जास्त, म्हणून आधीच सांगतो. सगळीकडे नुसतं 'काँग्रेस' लिहून भागत नाही. सोनवणे बैलजोडी या चिन्हावर निवडून आले. 1971 चे कांबळे आणि 1977 चे थोरात गाय-वासरावर. 1978 ला पक्ष फुटला आणि 1980 मध्ये थोरात इंदिरा काँग्रेसच्या पंजावर आले. त्या वर्षीच्या अधिकृत निकालात दोन काँग्रेस वेगवेगळ्या नोंदवलेल्या आहेत. घाईत वाचलं तर आकडे भलत्याच ओळीतले उचलले जातात. आठवल्यांच्या 2004 च्या निवडणुकीपुढे 'रिपब्लिकन पार्टी (आठवले)' असं लिहावं, 1999 ची नोंद मात्र अधिकृत निकालात पाहूनच भरावी. आघाडीतला मोठा पक्ष वेगळा होता म्हणून त्याचं नाव तिथे घालू नये.

माढा म्हणजे पंढरपूर लोकसभेचंच नवं नाव ना? आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'पंढरपूर (आताचा माढा)' अशी यादी फिरते.
– एक वाचक, करकंब

नाही. ही यादी पुढे पाठवू नये.

2008 मध्ये मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. त्या पुनर्रचनेत पंढरपूर विधानसभा मतदारसंघ, म्हणजे विठ्ठलाचं गाव आणि त्याला जोडलेला मंगळवेढा, सोलापूर लोकसभेत गेला. पंढरपूर शहराचा मतदार 2009 पासून सोलापूरचा खासदार निवडतो. पंढरपूरची जागा राखीव होती, माढा खुला आहे. शिवाय माढ्यात सातारा जिल्ह्यातले फलटण आणि माण आहेत. मुख्य शहर दुसरीकडे गेलं, आरक्षण दुसरीकडे गेलं आणि साताऱ्याचा काही भाग आत आला, तर त्याला नामांतर म्हणता येत नाही.

गोंधळ होतो त्याचं कारण तुमच्या गावातच आहे. पंढरपूर तालुका आज एका विधानसभेत नाही, चार विधानसभांत वाटला गेला आहे. शहर आणि लगतचा भाग पंढरपूर मतदारसंघात, करकंबकडची गावं माढ्यात, भाळवणीकडची सांगोल्यात आणि काही गावं मोहोळमध्ये. यातल्या माढा आणि सांगोला विधानसभा माढा लोकसभेत येतात, तर पंढरपूर आणि मोहोळ सोलापूर लोकसभेत. त्यामुळे तालुका एक, तहसील कार्यालय एक, पण करकंबचा मतदार माढ्याचा आणि पंढरपूरच्या प्रदक्षिणा मार्गावरचा सोलापूरचा.

आपण नेमके कुठले, हे मतदारयादीतल्या विधानसभा क्रमांकावरून कळतं. 244 करमाळा, 245 माढा, 253 सांगोला, 254 माळशिरस, 255 फलटण आणि 258 माण मिळून माढा लोकसभा. 247 मोहोळ, 248 सोलापूर शहर उत्तर, 249 सोलापूर शहर मध्य, 250 अक्कलकोट, 251 सोलापूर दक्षिण आणि 252 पंढरपूर मिळून सोलापूर लोकसभा. मधला 246 बार्शी जिल्ह्यातच असूनही धाराशिव लोकसभेत आहे. क्रमांक माहीत नसेल तर ओळखपत्राचा नंबर हाताशी ठेवून 1950 या मतदार हेल्पलाइनवर विचारावं. पत्त्यातल्या तालुक्यावरून अंदाज बांधू नये. पंढरपूर तालुक्यात तो हमखास चुकतो.

माढ्याचा इतिहास 2009 पासूनच मोजायचा. 2009 मध्ये शरद पवार सुमारे 3 लाख 14 हजार मतांनी आले, 2014 मध्ये विजयसिंह मोहिते-पाटील सुमारे 25 हजारांनी, 2019 मध्ये भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर सुमारे 85 हजारांनी आणि 2024 मध्ये धैर्यशील मोहिते-पाटील सुमारे 1 लाख 20 हजारांनी.

आजी सांगायची, पहिल्या निवडणुकीत सोलापुरात प्रत्येकाला दोन मतं होती. असं कसं असेल?
– एक वाचक, सोलापूर

आजींची आठवण पक्की आहे. 1951-52 मध्ये सोलापूर लोकसभेला दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. म्हणून लोकसभेसाठी प्रत्येक मतदाराला दोन मतं. अट एकच : दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नसत.

तेव्हा शिक्काही नव्हता आणि उमेदवारांच्या नावांची छापील यादीही नव्हती. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. मतदार हातातली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायचा आणि दुसरी दुसऱ्या पेटीत. लिहिता-वाचता न येणाऱ्याला हे सोपं होतं. दोन्ही कागद एकाच पेटीत पडले तर त्यातलं एकच मत धरलं जाई. मतपत्रिकेवर खूण करायची पद्धत देशभरात 1962 पासून आली.

मोजणीचा क्रम फार थोड्यांना ठाऊक असतो. आधी राखीव जागा भरायची : अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून आला. मग उरलेल्या सर्व उमेदवारांत, जात न पाहता, ज्याला सर्वाधिक मतं त्याला सर्वसाधारण जागा. त्यामुळे दोन्ही जागा राखीव गटाच्याच उमेदवारांकडे जाणं कायद्याने शक्य होतं. 1957 मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात तसं झालंही. तिथे दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथेही निकाल त्यांच्या विरोधात गेला. 1961 मध्ये कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ मोडले. पंढरपूरची स्वतंत्र राखीव जागा या बदलातूनच आली.

सोलापुरात पहिल्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. देशभर काँग्रेसचा जोर असताना सोलापूरने दोन्ही जागा विरोधकांना दिल्या. फेडरेशनला साऱ्या देशात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, त्यातली एक ही. खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या निवडणुकीत मुंबईत हरले होते. हे लक्षात घेतलं की राजभोजांच्या विजयाचं मोल कळतं. सोलापूरच्या शाळांत हे शिकवलं जायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पंढरपूरची राखीव जागा काढली का? आणि सोलापूरच का राखीव केलं?
– एक कार्यकर्ता, मंगळवेढा

राखीव जागा कमी झाली नाही, ती हलली. उलट राज्यात अशा जागा वाढल्या.

राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा जितका वाटा, साधारण तितक्या जागा राखीव ठेवाव्यात, असं घटनेचं कलम 330 सांगतं. 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्रात हा वाटा सुमारे 6 टक्के होता. 48 जागांचे 6 टक्के म्हणजे 2.88, म्हणून तीन जागा : बुलढाणा, उस्मानाबाद आणि पंढरपूर. 2001 च्या जनगणनेत वाटा 10.2 टक्के निघाला. 48 चे 10.2 टक्के म्हणजे 4.9, म्हणून पाच : अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर. विधानसभेच्या राखीव जागाही 18 वरून 29 झाल्या.

तीस वर्षांत टक्केवारी इतकी कशी वाढली? जन्मदराने असं होत नाही. मोजण्याची व्याख्या बदलली. 1956 नंतर ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्यांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार केंद्राच्या लेखी अनुसूचित जाती मानलं जात नव्हतं. राज्य सरकार नवबौद्धांना सवलती देत होतं, पण लोकसभेच्या राखीव जागेला त्यांचा उपयोग नव्हता. 1990 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि मग बौद्धही त्यात मोजले जाऊ लागले.

याचा पंढरपूरच्या इतिहासाशी थेट संबंध आहे आणि तो बहुतेक लेखांत सुटतो. राजभोज 1952 मध्ये निवडून आले ते धर्मांतराच्या आधी. 1956 नंतर फेडरेशनमधून रिपब्लिकन पक्ष झाला. त्याचा मुख्य आधार असलेल्या बौद्ध समाजातल्या माणसाला पंढरपूरच्या राखीव जागेवर अर्जच भरता येत नव्हता. ही अडचण 1990 पर्यंत होती. 'रिपब्लिकन पक्षाला पंढरपुरात ताकद नव्हती' असं सरसकट लिहिणाऱ्यांनी आधी हे बघावं. अडचण दूर झाल्यावर नऊ वर्षांत ती जागा आठवल्यांनी घेतली. थोरातांचा सात वेळांचा जनसंपर्क खराच होता, त्याला कमी लेखायचं नाही. पण समोर कोण उभं राहू शकत होतं, हे सांगितल्याशिवाय तो इतिहास अर्धाच राहतो.

आता 'सोलापूरच का'. अनुसूचित जातींच्या जागा शक्य तिथे त्यांचं प्रमाण तुलनेने जास्त असलेल्या भागात ठेवायच्या, पण राज्याच्या वेगवेगळ्या भागांत पसरवायच्या, असा नियम आहे. नव्या सीमा आखल्यावर टक्केवारी नव्याने काढली जाते. 'इथे आधी आरक्षण होतं' याला त्यात वजन नसतं. हाच नियम विधानसभेलाही लागला आणि जिल्ह्याचा नकाशा उलटापालटा झाला. जिल्ह्यातल्या जागा 13 वरून 11 झाल्या. उत्तर सोलापूर गेला, मंगळवेढा पंढरपुरात विलीन झाला, मोहोळ आणि माळशिरस राखीव झाले. मंगळवेढ्याचे लक्ष्मण ढोबळे 2009 मध्ये मोहोळमधून निवडून आले. माळशिरसचे विजयसिंह मोहिते-पाटील पंढरपुरात उभे राहिले आणि भारत भालके यांच्याकडून हरले. सोलापूर राखीव झाल्यावर सुशीलकुमार शिंदे तिथून निवडून आले. आठवले शिर्डीला गेले आणि तिथे शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरेंकडून हरले.

जुने निकाल अधिकृत आकड्यांसह कुठे मिळतील? इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर 1951-52 पासूनच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल आहे. तिथूनच सुरुवात करा. मात्र पुढच्या जागी अडखळायला होतं.

1952 आणि 1957 चे निकाल महाराष्ट्राखाली शोधू नका. तेव्हा मुंबई राज्य होतं आणि गावाचं इंग्रजी स्पेलिंग 'शोलापूर' असं होतं. त्याच दोन निवडणुकांत मतांची बेरीज मतदारांपेक्षा जास्त दिसली तर घाबरू नका, दोन मतांचा हिशेब आहे तो. मतदानाची टक्केवारी काढताना मात्र ही मतं सरळ मतदारांनी भागू नका, उत्तर चुकेल. नावं बऱ्याचदा आडनाव आधी अशी छापलेली असतात आणि एकाच माणसाचं स्पेलिंग दर निवडणुकीला बदलतं. कांबळे, सोनवणे ही आडनावं दोन-तीन प्रकारे शोधून बघा.

पोटनिवडणुका या अहवालांत नसतात. सोलापूरच्या यादीत 1999 नंतर एकदम 2004 येतं आणि मधले भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील गळतात. सुशीलकुमार शिंदे जानेवारी 2003 मध्ये मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी लोकसभेची जागा सोडली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत मोहिते-पाटील आले होते.

गावनिहाय आकडे हवे असतील तर 'फॉर्म 20' लागतो. हा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभानिहाय असतो. आडव्या पानावर डावीकडे मतदान केंद्राचा क्रमांक, मग प्रत्येक उमेदवाराचा रकाना, शेवटी वैध मतं, नाकारलेली मतं, अलीकडे नोटा, आणि एकूण. गावाचं नाव बहुतेकदा नसतं, नुसता केंद्र क्रमांक असतो. म्हणून त्याच निवडणुकीची केंद्रांची यादी शेजारी उघडून ठेवावी लागते. मागच्या वेळची यादी चालत नाही. मतदार वाढले की केंद्र फुटतं, 112 चं 112 आणि 112अ होतं किंवा पुढचे सगळे क्रमांक सरकतात. मग एका गावाची मतं शेजारच्या गावाच्या नावावर बसतात. टपाली मतं केंद्रनिहाय नसतात, तळाशी वेगळी येतात. सहाही विधानसभांची केंद्रांची बेरीज जाहीर निकालाशी जुळली नाही तर आधी ती ओळ तपासा. माढ्याचे फॉर्म काढताना फलटण आणि माण सातारा जिल्ह्याखाली सापडतील.

सर्वांत मोठी चूक मात्र आकड्यांची नसते, तुलनेची असते. 2004 चं पंढरपूर आणि 2009 चा माढा शेजारी ठेवून 'मतं इतक्या टक्क्यांनी घटली' असं लिहू नका. मतदारच वेगळे आहेत. विधानसभांच्या सीमाही बदलल्या, त्यामुळे 'सांगोला 2004 आणि सांगोला 2009' हीसुद्धा शुद्ध तुलना नाही. खरंच तुलना करायची असेल तर 2008 च्या राजपत्रातला सीमांचा मजकूर घ्या. त्यात तालुका, महसूल मंडळ, पालिकेचे प्रभाग असं वर्णन आहे. कोणत्या मंडळात कोणती गावं, ही यादी तहसील कार्यालयातून घ्या. मग तीच गावं दोन्ही निवडणुकांत वेगळी काढून त्यांचीच बेरीज करा. वेळ लागतो, पण मिळणारा आकडा खरा असतो.

राखीव लोकसभेसाठी दुसऱ्या राज्यातला उमेदवार चालतो का? अनामत किती?
– एक वाचक, बार्शी

लोकसभेला चालतो. कोणत्याही राज्यात अनुसूचित जातीत असलेला आणि देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघात मतदार असलेला माणूस उभा राहू शकतो. विधानसभेच्या राखीव जागेला मात्र त्याच राज्याची अनुसूचित जात लागते. अनामत 25 हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला साडेबारा हजार, आणि ही सवलत त्याला खुल्या मतदारसंघातही मिळते. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जाते, निवडून आलेल्याची मात्र परत मिळते.

पंढरपूर लोकसभा पुन्हा होऊ शकते का? आम्ही काय करायचं?
– एक नागरिक, पंढरपूर

होऊ शकते, पण आंदोलनाने किंवा राज्य सरकारच्या ठरावाने नाही. त्यासाठी पुनर्रचना आयोगच लागतो. 84 व्या घटनादुरुस्तीने 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत राज्यांच्या जागांची संख्या गोठवली आहे. पुढची पुनर्रचना होईल तेव्हा सीमा आणि नावं दोन्ही नव्याने ठरतील.

मागच्या वेळची पद्धत लक्षात ठेवा. आयोगाने आधी मसुदा राजपत्रात आणि वृत्तपत्रांत छापला, हरकतींसाठी तारीख दिली, जाहीर सुनावण्या घेतल्या. राज्यातले काही खासदार-आमदार सहयोगी सदस्य होते, त्यांना मत नव्हतं. मसुदा ते हरकतींची शेवटची तारीख, एवढ्याच काळात नागरिकाचा शब्द ऐकला जातो. अंतिम आदेश निघाला की घटनेचं कलम 329 आड येतं आणि न्यायालयात जाऊन सीमा बदलून मिळत नाहीत.

'पंढरपूर हे तीर्थक्षेत्र आहे, म्हणून मतदारसंघ द्या' अशी हरकत टिकणार नाही. लोकसंख्या, भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय यांवर लिहा. तालुका चार विधानसभांत तुटला आहे, हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा. कोणत्या मंडळातली किती गावं कुठे आहेत, त्यांची जनगणनेतली लोकसंख्या किती, ती एकत्र केली तर शेजारच्या मतदारसंघांची संख्या किती उरते, हे एका पानाच्या तक्त्यात मांडा आणि सोबत तालुक्याचा नकाशा जोडा. ग्रामपंचायतींचे ठराव त्याला पुरवणी म्हणून लावा. गावं आणि लोकसंख्या जुळवायला महिने लागतात आणि हरकतींची मुदत आठवड्यांची असते, म्हणून तक्ता आत्ताच करायला घ्या.